किंमत जेसनमध्ये ठेवली तर काय बिघडतं?

ऑनलाइन दुकानात साडीची नोंद करताना रंग, कापड लागतं. मोबाईलची करताना रॅम, बॅटरी. प्रत्येकाला वेगळा कॉलम दिला तर अर्धं टेबल रिकामंच राहील. म्हणून ॲपचा कोड ही माहिती नाव-माहिती अशा जोड्यांत, म्हणजे जेसनमध्ये, एकाच कॉलमात टाकतो. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये २०१२ पासूनचा 'जेसन' प्रकार मजकूर जसाच्या तसा ठेवतो. २०१४ मध्ये आलेला 'जेसनबी' तो फोडून ठेवतो, त्यावर इंडेक्स लावता येतो. बहुतेक वेळा तोच घ्यावा.

पण किंमतही त्यातच कोंबली तर? ती सहसा मजकूर म्हणूनच बाहेर काढली जाते. मग 'कमी किंमत आधी' निवडल्यावर १००० ची साडी ९०० च्या वर दिसते, कारण मजकुराच्या क्रमात १ हा ९ च्या आधी येतो. किंमत, स्टॉक यांना आकड्यांचा साधा कॉलमच हवा. गंमत म्हणजे, या घोळात एररही येत नाही. आधी कळतं ते ग्राहकाला.