त्याआधी काय झाले होते?

मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र भरताना आम्ही डॉक्टर वरच्या ओळीत तात्कालिक कारण लिहितो आणि ‘ते कशामुळे?’ असे विचारत खाली मूळ आजारापर्यंत जातो. नुसते ‘हृदयक्रिया बंद’ लिहिले, तर खरा आजार नोंदीतून निसटतो.

संगणकप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. लिनक्सचा कर्नल कोसळताना असाच माग छापतो. त्याला ‘कॉल ट्रेस’ म्हणतात. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते, तेव्हा परतीचा पत्ता ‘स्टॅक’ नावाच्या मेमरीत राहतो. ते पत्ते वाचून कोणी कोणाला बोलावले, हे उलट क्रमाने कळते.

वरची ओळ फक्त कोसळण्याची जागा सांगते. चूक अनेकदा खालच्या ओळीत असते. कधी आधीच संपलेल्या, यादीत न उरलेल्या कामातही. रुग्णाचा पूर्वेतिहास विचारल्याशिवाय निदान होत नाही, तसेच हे.