दातेरी रुळांवरून निलगिरी

निलगिरीला जाणारे पुष्कळ जण कुन्नूर ते उटी एवढाच आगगाडीचा प्रवास करतात. आम्हीही पहिल्या खेपेस तेच केले आणि खरी गंमत हुकली! दातेरी रूळ आहे तो खाली, कल्लार ते कुन्नूर. तिथे चढ 12 मीटरला 1 मीटर; म्हणजे गाडीच्या वजनाचा बारावा हिस्सा तिला मागे ओढतो. समजा, इंजिनाचे वजन गाडीच्या एकतृतीयांश आणि घर्षणांक 0.2 आहे. मग पकड मिळेल पंधराव्या हिश्श्याएवढीच. चाके जागीच फिरतील. म्हणून 1899 पासून इंजिनाचे दंतचक्र रुळांमधल्या दोन दातेरी पट्ट्यांत अडकून चढते. एकीचा दात तिथे दुसरीची खाच, त्यामुळे पकड सुटत नाही. इंजिन खालून ढकलते. जोड तुटला तरी डबे घरंगळायला नकोत. तेव्हा मेट्टुपालयमलाच बसावे. पुढच्या डब्यातून दरी मोकळी दिसते.