झेंडूची एक ओळ

कवितेच्या माणसानं किडीवर बोलावं, हे ऐकायला जरा विचित्र वाटेल. पण मंगरुळपीर तालुक्यातल्या आमच्या गावी घरामागच्या तीन गुंठ्यांत मी बरीच वर्षं टोमॅटो लावतो. तिथं जे शिकलो, तेच आज सांगणार आहे.

सुरुवात एका चुकीनं झाली. एका वर्षी टोमॅटोला अळी लागली. मी दुकानातून औषध आणलं आणि शेजारच्या पोराच्या पाठीवर फवारणीचा पंप दिला. त्याच्या तोंडाला रुमाल नव्हता, हातात मोजे नव्हते आणि वारं समोरून होतं. संध्याकाळी त्याला चक्कर आली, उलट्या झाल्या. ती रात्र आम्ही दवाखान्यात काढली. पोरगा वाचला. त्याची माय मला एवढंच म्हणाली, "भाऊ, दोन टोपले टमाट्यांसाठी माहं लेकरू जात होतं." पुढे २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा मला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं.

पंप ठेवून दिला. कुणीतरी म्हणालं, कडेनं झेंडू लावा, त्याच्या वासानं कीड पळते. मी टोमॅटोबरोबर त्याच दिवशी झेंडूची कोवळी रोपं लावली. टोमॅटो फुलावर आला तेव्हा झेंडूला कळीसुद्धा नव्हती. अळीनं फळं पोखरली. दुसऱ्या वर्षी झेंडू आधी लावला. छान फुलला. मी फुलं पाहत बसलो, अन् कळ्यांत अळ्या पोसल्या जात राहिल्या. शेवटी एका कृषी सहायकानं माझा गैरसमज काढला. "झेंडू ही अळी पळवत नाही हो, तिला बोलावतो. बोलावल्यावर तिचं काय करायचं, ते तुम्ही बघायचं."

ही अळी आपल्या ओळखीचीच आहे. हरभऱ्यावर तिला आपण घाटेअळी म्हणतो, कपाशीवर हिरवी बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी. नावं चार, कीड एकच. आपल्या वाशीम जिल्ह्यात तूर आणि हरभरा भरपूर, म्हणून तिचे पतंगही भरपूर. मादी अंधार पडल्यावर येते आणि खसखशीहून लहान, पिवळसर पांढरी अंडी एकेक करून घालते. एक मादी शेकडो अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळी निघते, आधी पाला खाते, मग अर्धं अंग फळात आणि अर्धं बाहेर ठेवून फळ पोखरते. एका फळावर तिचं भागत नाही.

या मादीला फुललेला उंच झेंडू टोमॅटोपेक्षा जास्त आवडतो. म्हणून ती अंडी तिथं घालते. शेतीशास्त्रात याला सापळा पीक म्हणतात. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत १९९० च्या दशकात यावर प्रयोग झाले. शिफारस अशी आहे : टोमॅटोच्या १६ ओळींमागे उंच, मोठ्या फुलाच्या झेंडूची १ ओळ. लावताना झेंडूचं रोप ४० दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं असावं. म्हणजे झेंडूचं बी पंधरा दिवस आधी टाकायचं. दोघांना फुलं एकाच वेळी यावीत, हे यातलं खरं मर्म.

मग रोज सकाळी त्या एका ओळीत फिरायचं. भोक पडलेली कळी तोडायची आणि अळीसकट साबणाच्या पाण्यात टाकायची. गरज पडली तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळीचा अर्क, संध्याकाळी फवारायचा. लक्ष दिलं नाही तर हाच सापळा किडीचं पाळणाघर होतो.

झेंडूकडून भलत्या अपेक्षाही नकोत. पांढरी माशी आणि तिच्यामुळे येणारा पानं आकसण्याचा रोग तो थांबवत नाही. उन्हाळ्यात त्याच्यावरच लाल कोळी येतो. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना झेंडूच्या मुळांतला रस मारक असतो, हे खरं. पण त्यासाठी भाजीच्या आधी त्याच जागेत दोन-तीन महिने दाट झेंडू घ्यावा लागतो. कडेच्या चार झाडांनी ते होत नाही. अधिक माहिती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात मिळेल.

आमचे सगळे टोमॅटो वाचतात असं नाही. काही फळं जातातच. पण विषाचा डबा घरात येत नाही. दसऱ्याला शेजारची ती माय आमच्या ओळीतली फुलं तोरणासाठी नेते. तिचा पोरगा आता बाप्या झालाय. परवा फुलं तोडता तोडता त्यानं एक कळी माझ्यापुढे धरली. "चाचा, हिच्यात हाये पाहा. तुम्हाले दिसली नाही."

खरंच दिसली नव्हती. मी फूल पाहत होतो.