पाटीवर नाव कुणाचे? समुद्राकाठच्या शिल्पांची एक सहल

आपल्या घुग्घुस-चंद्रपूरकडची माणसे मुंबईला जातात ती बहुधा डिसेंबरातच. दादरच्या समुद्राकाठी अभिवादन करायचे, शिवाजी पार्कवर पुस्तके घ्यायची आणि मिळेल त्या गाडीने परत फिरायचे. पण म्हाताऱ्यांना आणि पोरांना घेऊन, खास रजा टाकून, केवळ काहीतरी पाहायला म्हणून जाणारे कुटुंब आपल्या वस्तीत विरळाच. खर्च हे एक कारण झाले. दुसरे कारण बोलून दाखवले जात नाही: शिल्पे, चित्रे, प्रदर्शने ही आपल्यासाठी नसतात, असे आपण मनाशी धरून बसलो आहोत.

यंदा जानेवारीच्या शेवटी आम्ही सहा जण गेलो. मामाजी म्हणजे माझे सासरे, सासूबाई, आम्ही दोघे आणि मुलगा-मुलगी. मामाजींनी सारी उमर कोळशाच्या भूमिगत खाणीत काढली. माझे मालक वेल्डर आहेत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे.

मुंबईत काळा घोडा नावाच्या भागात १९९९ पासून कला महोत्सव भरतो. जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीची सुरुवात, असे नऊ दिवस. रस्त्यावर आणि फुटपाथवर, उघड्या आभाळाखाली शिल्पे मांडलेली असतात आणि पाहायला पैसा लागत नाही. मोठ्या स्टेशनावर उतरून आम्ही पायीच निघालो. वाटेत दादाभाई नौरोजी रस्त्यावर बाबासाहेबांनी १९४६ साली सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय लागते. सासूबाई दोन मिनिटे तिथे थांबल्या आणि मग चालू लागल्या.

चौकात पंचवीस फुटी काळा घोडा उभा आहे, पण पाठीवर कोणी नाही. पूर्वी त्या जागी इंग्रज राजा सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा होता. १९६५ साली तो हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. नुसत्या घोड्याचे नवे शिल्प २०१७ साली बसवले. ते शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडवले. मुलगी म्हणाली, "घोडा राह्यला अन् राजा गेला." आमच्या घरात त्या दिवशी तिचेच वाक्य सर्वांत जास्त वेळा बोलले गेले.

प्रदर्शनात काही गोष्टी आम्हाला कळल्या, काही कळल्या नाहीत. न कळलेल्यांसमोर मान डोलावण्याची काही गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पण पत्र्याचे तुकडे, नट-बोल्ट आणि साखळ्या जोडून केलेला एक बैल होता. माझे मालक त्याच्यापुढे उकिडवे बसले ते उठेचनात. मागच्या पायाचा जोड कसा आतून घेतला आहे, ते त्यांनी पोराला बोटाने दाखवले. मग तिथल्या स्वयंसेवकाला विचारले, "वेल्डिंग कोणी केलं?" तो म्हणाला, "कारखान्यातून करून घेतलं असेल." पाटीवर कलाकाराचे नाव होते. वेल्डरचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी गेटवेवरून बोटीने घारापुरीला गेलो. तासाभराचा प्रवास आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची वेगवान बोट आदळून याच मार्गावरची प्रवासी बोट बुडाली आणि माणसे गेली, म्हणून लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसायचे नाही असे मी सर्वांना बजावले होते. तुम्हीही मागून घ्या, लाजू नका. सासूबाईंनी चारी बाजूंनी पाणी पाहिले आणि म्हणाल्या, "माय वो, एवढं पाणी, अन् घोटभर प्यायच्या कामाचं नाही!" या बेटावर समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती थेट २०१८ साली. आपल्या कोळशावर वीज होते आणि दूरदूर जाते. मुंबईच्या डोळ्यांसमोरचे बेट मात्र इतकी वर्षे अंधारात होते.

लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून खांद्यावर वर नेतात. मामाजींना दम लागतो, तरी माणसाच्या खांद्यावर बसायला ते तयार झाले नाहीत. बसत-उठत चढले.

मुख्य लेणे सहाव्या शतकातले, शैव आहे. आपण तिथे पूजेला जात नाही, दगडातले काम पाहायला जातो. समोर अठरा फुटांच्या आसपासची तीन मुखांची मूर्ती आहे, आणि मधल्या चेहऱ्यावरची शांतता पाहून पावले थबकतात. पण मामाजी मूर्तीकडे नाही, छताकडे पाहत होते. म्हणाले, "हे बांधलं नाही बाई. आत आत खोदत गेले अन् खांब सोडत गेले. आमच्या खाणीत पिलर सोडतो तसंच. खांब कमी सोडला तर डोंगर खाली येते." मग ते एकेक खांब न्याहाळत फिरले आणि कोणते मूळचे, कोणते मागाहून दुरुस्त केलेले, हे त्यांनी नुसत्या नजरेने वेगळे काढले. कोळसा तरी नरम. हा काळा बेसाल्ट छिन्नीने खोदणाऱ्यांचे एकही नाव त्या लेण्यात नाही. पुढच्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, पण मामाजींच्या गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून तिकडे गेलो नाही. भद्रावतीचे विजासन आपल्या उशाशी आहे आणि तिथे डोंगरात खोदलेल्या लांब बोळाच्या टोकाला बुद्धमूर्ती बसलेली आहे. आधी तिथे जा, मग घारापुरी अधिक कळेल.

घारापुरीचा दगडी हत्ती, ज्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो आता बेटावर नाही. १८६४ साली तो विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते जोडून पुन्हा उभा केलेला हत्ती राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उघड्यावर आहे. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, हेही लक्षात ठेवा.

परतीच्या गाडीत बोलणे निघाले ते चंदीगडच्या नेकचंदांचे. रस्त्याच्या कामावरचा हा निरीक्षक. फुटक्या बांगड्या, कपबशा, फरशा गोळा करून त्याने वर्षानुवर्षे गुपचूप हजारो मूर्ती केल्या. सरकारी जागेवर त्या उभ्या आहेत हे उघडकीस आले तेव्हा सारे मोडले जाण्याची वेळ होती. पण १९७६ साली तेच रॉक गार्डन म्हणून लोकांसाठी खुले झाले. आपल्या घुग्घुसात सिमेंट आहे, लोखंड आहे, भंगार तर विचारू नका, आणि जोडणारे हात घरोघरी आहेत. वर्धा नदीच्या काठी वर्षातून दोन दिवस आपल्या पोरांनी केलेल्या वस्तू मांडायला कोणाची परवानगी लागेल, याची चौकशी माझे मालक करीत आहेत. पाटीवर घडवणाऱ्याचे आणि जोडणाऱ्याचे, दोघांचेही नाव लिहायचे, एवढे मात्र ठरले आहे.

पोराने सायकलची जुनी चेन आणि दोन बेअरिंग मागून घेतली. घोडा करतो आहे. मान अजून जमत नाही, सारखी खाली पडते. आजोबा बाजूला खुर्ची टाकून बसतात आणि आधी खांब भक्कम कर म्हणतात.