कसं चालतं? : भोंग्याला अँप्लिफायर केवढा?

लांबच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती तळहात धरतो. जुन्या भोंग्याच्या स्पीकरचं तत्त्व तेच. स्पीकरचा पडदा जड, हवा फारच हलकी. रिकामी हातगाडी ढकलताना अंगातली ताकद वापरलीच जात नाही, तसं पडद्याचं होतं. भोंग्याच्या अरुंद गळ्याशी हवा कोंडते, पडद्याला भार मिळतो. पुढे रुंदावत जाणारा भोंगा तो दाब खोलीतल्या हवेकडे सोपवतो.

साधा स्पीकर एका वॅटला, एक मीटरवर साधारण ८७ डेसिबल देतो. मोठा भोंगा शंभराच्या पुढे. दर १० डेसिबलला वीज दसपट लागते, म्हणजे इथे पाच-सात वॅटचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायरही पुरतो. तो शांत मात्र हवा, कारण त्याची बारीकशी खरखरही भोंगा इमानेइतबारे ऐकवतो.

खरी अडचण खर्जाची. ५० हर्ट्झची लहर जवळपास ७ मीटर लांब. तिला पुरेल एवढा भोंगा दिवाणखान्यात मावणार कसा? अमेरिकेतल्या पॉल क्लिप्श यांनी १९४०च्या दशकात भोंग्याला घड्या घातल्या आणि कोपऱ्यातल्या दोन्ही भिंतींनाच त्याचा पुढचा भाग केलं. त्यामुळे त्यांच्या या ‘क्लिप्शहॉर्न’ स्पीकरची जुनी जोडी घ्यायची तर किमतीआधी खोलीचे दोन मोकळे कोपरे बघा. तिथे दार किंवा कपाट असेल, तर हा सौदा सोडलेला बरा.