बहात्तर तासांची मुदत

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत येथील अनेक मुले-मुली बारावीनंतर शिक्षणासाठी पुण्याची वाट धरतात. महाविद्यालयाचे शुल्क, वसतिगृह, जेवणाची सोय यांचा हिशेब पालक बारकाईने करतात. शनिवारच्या रात्री त्या शहरात काय चालते, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

मार्च 2007 मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे येथे एका ‘रेव्ह पार्टी’वर पोलिसांनी छापा घातला आणि सुमारे 280 तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. त्यांत विद्यार्थी होते, तसेच चांगल्या पगाराची नोकरी करणारे सुशिक्षितही होते. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत शेकडो किलो मेफेड्रोन जप्त झाले. ‘एमडी’ किंवा ‘म्याऊ म्याऊ’ या नावाने विकला जाणारा हा पदार्थ रसायनांपासून तयार होतो. 2015 पासून तो अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे.

या पदार्थाने थकवा जाणवेनासा होतो, भीड चेपते आणि कामेच्छा चाळवते. सोबत मद्य असेल तर उरलासुरला विवेकही ढळतो. अशा अवस्थेत अनोळखी व्यक्तीशी संबंध येतो, निरोधाचे भान राहत नाही आणि एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ‘ब’ यांसारख्या आजारांना वाट मिळते. मुलांच्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नशेमुळे कृत्याचे स्वरूप व परिणाम समजू न शकणाऱ्या मुलीचा होकार कायद्याच्या दृष्टीने होकार ठरत नाही. तो बलात्काराचा गुन्हा होतो.

जैन घरांत सप्तव्यसनांची यादी लहानपणीच कानावर पडते. तो संस्कार मोलाचाच आहे. तथापि, ज्या घरात व्यसनाचा उच्चारही निषिद्ध, त्या घरातील मूल पाय घसरल्यावर सर्वांत आधी घरापासूनच तोंड लपवते. ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीत दिवस उलटतात आणि नेमकी तीच वेळ हातची जाते.

कारण येथे मुदत फार थोडी असते. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी प्रतिबंधक औषधे धोक्याच्या संबंधानंतर जितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत 72 तासांच्या आत, सुरू व्हावी लागतात. ती 28 दिवस घ्यायची असतात. त्यांची गरज आहे की नाही, हे डॉक्टर ठरवतात. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठणे अगत्याचे. शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी विनामूल्य होते आणि ती गोपनीय ठेवली जाते. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने या गोपनीयतेला संरक्षण दिले आहे. पहिल्या तपासणीत दोष आढळला नाही, तरी संसर्ग लगेच दिसत नसल्याने सांगितलेल्या वेळी पुन्हा तपासणी करावी लागते.

व्यसन जडलेच असेल, तर कायद्याने परतीचा रस्ता ठेवला आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम 64-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ लागली, तर त्या आरोपाखालील खटल्यापासून तिला संरक्षण मिळते. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी 1986 मध्ये उभारलेले ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र आजही कार्यरत आहे. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि एचआयव्हीविषयक माहितीसाठी 1097 हे विनाशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहेत.

मुलाची बॅग भरताना हे दोन क्रमांक त्याच्या मोबाईलमध्ये घालून द्यावेत आणि त्यासोबत एक वाक्य आवर्जून सांगावे : “काहीही झाले, तरी पहिला फोन घरी कर, आधी दवाखान्यात जाऊ, बाकीचे नंतर बोलू.” आणि तसा फोन आलाच, तर त्या शब्दाला जागावे.