दोन भाषांनी डोके गोंधळत नाही

मूल शाळेत जाऊ लागले की घरोघरी एक शंका निघते. शाळेत इंग्रजी, आईबाप बोलतात मराठी, आजी बोलते अहिराणी, कुठे गोंडी, कुठे बंजारा. एवढ्याशा डोक्यात एवढ्या भाषा कोंबल्या तर पोर गोंधळणार तर नाही? मग आजीला सांगितले जाते की पोरांशी बोलीत बोलू नका. ती बिचारी गप्प बसते. हे सारे पोराच्या भल्यासाठीच चालते. पण त्यात खरेच भले आहे का?

जुनी समजूत

ही भीती आपल्याच गावची नाही. ब्रिटनमधील वेल्स येथे १९२३ साली सेअर नावाच्या संशोधकाने शाळकरी मुलांची बुद्धी मोजली. खेड्यातील दोन भाषा बोलणारी मुले एकच भाषा बोलणाऱ्यांच्या मागे दिसली. शहरात मात्र असा फरक नव्हता. तरी दोष भाषेच्या माथी गेला. घरची परिस्थिती नीट हिशेबात धरलीच नव्हती. पीक कमी आले की जमीन, पाणी न बघता बियाण्याला बोल लावावा, तशातलाच हा प्रकार. पुढे १९६२ साली कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात पील व लँबर्ट यांनी सारख्या परिस्थितीतील दहा वर्षांची मुले घेतली. तेव्हा फ्रेंच व इंग्रजी दोन्ही येणारी मुले मागे नव्हती, उलट पुढे निघाली.

चिठ्ठीचा प्रयोग

कॅनडातच टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठात एलन बियालिस्टॉक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या विषयावर अनेक वर्षे काम केले. त्यांचा एक साधा प्रयोग आपल्यालाही घरी करता येईल. अजून वाचता न येणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलापुढे दोन चित्रे ठेवा, एक गाईचे, एक झाडाचे. चिठ्ठीवर 'गाय' लिहून ती वाचून दाखवा व गाईखाली ठेवा. मग सहज हात लागल्यासारखी ती झाडाखाली सरकवा आणि विचारा, "आता चिठ्ठीवर काय लिहिलंय?" पुष्कळ मुले 'झाड' म्हणतात! चिठ्ठी हलली तरी अक्षरे बदलत नाहीत, ही समज वाचनाचा पाया आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दोन भाषांत वाढणारी मुले अधिक वेळा बरोबर उत्तर देत होती.

आंतरपिकाचा हिशेब

तोटा काहीच नाही का? थोडा आहे. बियालिस्टॉक व सहकाऱ्यांनी २०१० साली सतराशेहून अधिक मुलांची पाहणी मांडली. दोन भाषा बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीतील शब्द सरासरीने थोडे कमी येत होते. ज्वारीत तूर घेतली की ज्वारी सलग पिकापेक्षा थोडी कमी उतरते, पण म्हणून कोणी तूर उपटून टाकत नाही. घरात दोन्ही धान्ये येतात. इथेही मुलाच्या पदरात दोन भाषांचे शब्द पडत असतात.

उतारवयातील स्मरण

बियालिस्टॉक यांनी २००७ साली टोरोंटोतील स्मृतिभ्रंशाच्या १८४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. आयुष्यभर दोन भाषा वापरणाऱ्यांत विसराळूपणाची लक्षणे सुमारे चार वर्षे उशिरा दिसली होती. आपल्या हैदराबादेत डॉ. सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी ६४८ रुग्ण तपासून २०१३ साली निष्कर्ष मांडला. तेथे फरक साडेचार वर्षांचा होता आणि कधी शाळेची पायरी न चढलेल्यांतही तो आढळला. याचा अर्थ, हा लाभ केवळ शिक्षणाचा नसावा. मात्र काही पाहण्यांत असा फरक आढळलेला नाही, त्यामुळे तज्ज्ञांत मतभेद आहेत. दोन भाषा म्हणजे रोगावर औषध नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

घरी काय करावे?

१. आजी-आजोबांना त्यांच्या बोलीत बोलू द्या. गोष्टी, उखाणे, पिकांची व झाडांची नावे त्याच बोलीत येऊ द्या.

२. आपल्याला जी भाषा सहज येते तीच मुलाशी बोला. तोडक्यामोडक्या इंग्रजीपेक्षा भरघोस मराठी बरी.

३. मूल एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळते म्हणून रागावू नका. हा गोंधळ नव्हे, दोन्ही भाषा वापरात असल्याची ती खूण आहे.

४. आजीची गोष्ट मुलाला शाळेच्या भाषेत सांगायला लावा. धड्यातली गोष्ट आजीला बोलीत सांगू द्या.

५. मूल फार उशिरा बोलत असेल, तर दोन भाषांवर ढकलून वाट पाहू नका. डॉक्टरांना दाखवा व कान तपासून घ्या.

शेतकरी बंधू-भगिनींनो, इंग्रजी शिकू द्या, जरूर शिकू द्या. पण त्यासाठी घरातल्या म्हातारीचे तोंड बंद करण्याची काही गरज नाही.